हेबर्ले म्हणजे कुठले?

मुलीचं लग्न ठरलं आणि तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा मला फोन आला. त्या नागपूरच्या, मुलाकडे अमेरिकेत अल्फारेटाला उन्हाळ्यापुरत्या आलेल्या. तब्येत, हवा, भाजी कुठे चांगली मिळते, असं सगळं बोलून झालं आणि मग त्यांनी आवाज जरा खाली आणला.

"एक विचारू का? हेबर्ले म्हणजे तुम्ही मूळचे कुठले हो?"

"जर्मनीचे," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "अगं बाई! मला वाटलं साताऱ्याकडचे असाल. फुले, ढोले, तसे हेबर्ले. पोरगा म्हणाला होता की मुलीचे वडील अमेरिकन होते म्हणून. पण अमेरिकन म्हणजे इथे राहणारे, असं मी धरून चालले."

आम्ही दोघीही पोटभर हसलो. फोन ठेवून मी वळले, कारण हे सांगायला कुणीतरी स्वयंपाकघरात असणार असं माझं शरीर अजून धरून चालतं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. माझा नवरा जाऊन तीन हिवाळे झाले होते. ही गोष्ट त्याने चारचौघांत इतक्यांदा सांगितली असती की शेवटी मीच त्याला गप्प केलं असतं.

हे आडनाव त्याचं. मी इचलकरंजीची. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला शिकायला आले आणि प्रयोगशाळेतलं एक यंत्र सारखं बंद पडायचं, ते दुरुस्त करायला येणारा माणूस हळूहळू यंत्र चालू असतानाही यायला लागला. त्यातून पुढचं सगळं झालं. माझे वडील शाळामास्तर होते. वर्षभर त्यांनी या विषयावर चकार शब्द काढला नाही, आणि मग एकदम लग्नपत्रिका छापायचं ठरवलं. तेव्हा फोनवर खरखर फार असे. त्या खरखरीतून त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

"हॅबर्ली."

"स्पेलिंग सांग."

मी एकेक अक्षर सांगितलं.

"शेवटी एल-ई आहे ना? मग ली कसं होईल? ले म्हण, ले." आणि थोडं थांबून म्हणाले, "आपल्या हेर्ल्याचं कुणीतरी असल्यासारखं वाटतंय."

हेर्ले हे आमच्या भागातलं गाव. त्याच्याच धर्तीवर त्यांनी मास्तरकीच्या अधिकारात माझ्या नवऱ्याला हेबर्ले करून टाकलं आणि पत्रिकेत तसंच छापून आलं. नवऱ्याला त्या अक्षरांचं भारी कौतुक. वाचता येत नव्हती, पण चित्र काढावं तशी ती त्याने आपल्या हत्यारांच्या पेटीवर रंगाने काढली. शिरोरेघ, मात्रा, रफार, सगळं जागच्या जागी. प्रयोगशाळेतले लोक विचारायचे, हे काय लिहिलंय? तो सांगायचा, "माझं खरं नाव."

आडनाव कुठून आलं, त्याचा अर्थ काय, याबद्दल मात्र त्याला काडीचीही उत्सुकता नव्हती. "पत्रं बरोबर घरी यावीत म्हणून आडनाव असतं," असं तो म्हणे. माझे सासरे ॲन आर्बरच्या पश्चिमेला शेती करायचे. त्यांना विचारलं की थोडंफार कळायचं, पण त्यांना बोलतं करायला त्यांच्याबरोबर शेंगा सोलत बसावं लागायचं. त्यांच्या आजोबांचे वडील दक्षिण जर्मनीतल्या एका खेड्यातून आले. त्या भागाला श्वाबेन म्हणतात. तिथून इतकी माणसं या एका मुलुखात आली की मक्याच्या शेतांमधल्या चर्चमध्ये प्रार्थना जर्मनमध्ये होत असे, आणि घराघरांत तिथलीच बोली चाले. मग पहिलं महायुद्ध आलं. जर्मन बोलणाऱ्याकडे शेजारीपाजारी संशयाने बघायला लागले. सासऱ्यांच्या आजोबांनी एक दिवस रस्त्यावरच्या टपालपेटीवरचं नाव नव्याने रंगवलं आणि त्यातल्या 'ए' या अक्षरावरची दोन टिंबं गाळली. पोरांना सांगितलं, घराबाहेर इंग्रजीच बोलायचं. टिंबं गेल्यावर टपालवाला हॅबर्ली म्हणायला लागला, मग शाळेतली बाई, मग हळूहळू घरातली माणसंही.

"आणि अर्थ?" मी विचारलं होतं.

"आम्हांला कुणी सांगितला नाही, आम्ही विचारला नाही," सासरे म्हणाले आणि शेंगांची टोपली घेऊन उठले.

नवरा गेल्यावर हे नाव माझ्या अंगावर वेगळंच राहायला लागलं. औषधाच्या दुकानात "मिसेस हॅबर्ली" अशी हाक येते आणि काउंटरवरची मुलगी माझ्या डोक्यावरून मागे कुणा गोऱ्या बाईला शोधते. पूर्वी आम्ही दोघं यावर हसायचो. तो मुद्दाम बसून राहायचा आणि मला कोपराने ढोसायचा, "जा, जर्मन बाई, तुला बोलावतायत." आता ती हाक ऐकली की वाटतं, हे नाव त्याचं, त्याला हाक मारतायत, आणि उठणारी मी एकटीच.

अल्फारेटाहून घरी आलेली मुलगी विहीणबाईंचा किस्सा ऐकून आधी खूप हसली आणि मग गप्प झाली. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

"आई, व्हॉट डझ इट ईव्हन मीन?" ती म्हणाली. "ठेवायचं की नाही ते नंतर बघू. पण जे सोडायचं ते काय आहे हे तर कळू दे. डॅडने कधीच सांगितलं नाही."

"त्याला माहीत नव्हतं."

"मग कोणाला माहीत आहे?"

माहीत असलं तर एकाच माणसाला असणार होतं. सासऱ्यांची धाकटी बहीण, म्हणजे नवऱ्याची आत्या, अजून होती. नव्वदी ओलांडलेली. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आडनावही तेच. शेतावरचं घर विकल्यावर ती गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेली होती. नवरा दर शनिवारी तिच्याकडे जायचा. तो गेल्यावर ते जाणं माझ्याकडे आलं. त्याच्या गालाचं हाड आणि आत्याच्या गालाचं हाड अगदी सारखं होतं, आणि ते बघायला मी जात होते, हेही खरं.

आत्याचं इंग्रजी तेव्हा झडायला लागलं होतं. वाक्याच्या मध्येच शब्द हरवायचा, मग ती खिडकीकडे बघत बसायची. पण लहानपणी आजीच्या मांडीवर बसून शिकलेली ती बोली, इतकी वर्षं आत दडलेली, मधूनच वर यायची. तिथल्या नर्सना वाटे, म्हातारी काहीतरी बरळते आहे.

त्या शनिवारी मी सकाळीच गेले. आत्याची न्याहारी चालली होती. मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "आत्या, आपल्या नावाचा अर्थ काय?"

तिने माझ्याकडे बघितलं, कळलं नाही बहुतेक. मी परत विचारलं. ती वाटीतली ओटची खीर चमच्याने ढवळत राहिली. मग चमचा वाटीच्या काठावर आपटून म्हणाली, "हाबर."

"हॅबर्ली, हो. त्याचा अर्थ?"

"हाबर!" ती वैतागून म्हणाली आणि वाटीच माझ्याकडे सरकवली. चमच्याने खिरीकडे बोट करावं तसं करून पुन्हा म्हणाली, "हाबर. हाबर." मग दोन बोटांच्या चिमटीत एवढंसं काहीतरी धरून दाखवलं आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "हेबर्ले."

मी तिथेच खुर्चीत बसले. हाबर म्हणजे ओट. त्या बोलीत शेवटी 'ले' लागलं की वस्तू इवलीशी आणि लाडकी होते, आपण घराचं घरकुल करतो तशी. इवलेसे ओट. एवढाच अर्थ. रोज सकाळी तो तिच्यासमोर वाटीत येत होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

आणि मला हसू आवरेना, कारण माझ्या नवऱ्याला ओट मुळीच आवडायचे नाहीत. "घोड्यांचं खाणं" म्हणायचा. त्याला रविवारी पोहे लागायचे, वर शेव आणि भरपूर लिंबू. हसता हसता माझे डोळे भरून आले. आत्याने आपला पेपर नॅपकिन माझ्या हातात दिला.

मुलीला सांगितल्यावर तिने कॉम्प्युटर उघडला. त्या खेड्याचं नाव घरात सगळ्यांना माहीत होतं, पण तिथे कधी कुणी गेलेलं नव्हतं. तिने शोधलं तर त्या गावात याच आडनावाच्या कुटुंबाचं सफरचंदाच्या रसाचं दुकान सापडलं. आडनावावर दोन टिंबं होती. खाली फोन नंबर होता.

"कर ना फोन," मुलगी म्हणाली.

"मी काय बोलू त्यांच्याशी?"

"जे तुझ्या विहीणबाईंनी तुला विचारलं तेच विचार."

ती अल्फारेटाला परत गेल्यावर एका सकाळी मी नंबर लावला. तिकडे दुपार असणार होती. घंटा बराच वेळ वाजली. मग कुणीतरी उचलला आणि एका म्हाताऱ्या पुरुषाच्या जाड, संथ आवाजात एकच शब्द आला:

"हेबर्ले."

जर्मन माणसं फोन उचलल्यावर हॅलोऐवजी आडनाव सांगतात, हे मला माहीत नव्हतं. मला इतकंच कळलं की ॲटलांटिकच्या पलीकडून कुणीतरी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, आणि ते हॅबर्ली नव्हतं. ते माझ्या वडिलांनी पत्रिकेत छापलं होतं तेच होतं. हेर्ल्याच्या धर्तीवर एका मास्तराने ठोकून दिलेला उच्चार, आणि तोच खरा. या घरातले लोक चार पिढ्या आपलं नाव चुकीचं सांगत होते आणि इचलकरंजीत ते बरोबर छापलं गेलं होतं.

"हेबर्ले?" पलीकडचा माणूस पुन्हा म्हणाला, आता प्रश्नासारखं.

"मीसुद्धा," मी इंग्रजीत म्हटलं. "मीसुद्धा हेबर्ले."

त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. त्यांनी नातीला हाक मारली. नात दुकान सांभाळायची, छान इंग्रजी बोलायची. मी माझी सगळी कहाणी तिला सांगितली. ती म्हणाली, "गावात अर्धी घरं हेबर्लेच आहेत. तुमचे लोक आमच्यातले होते की खालच्या आळीतले, कोण सांगणार?" मग तिने आजोबांना नावाचं विचारलं आणि त्यांचं उत्तर मला सांगितलं. त्यांच्या घरात म्हणतात की इथली वरची जमीन हलकी, गहू येत नसे. ज्याच्या शेतात ओटच यायचे त्याला लोक चिडवून हेबर्ले म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. खालच्या आळीतले मात्र सांगतात की त्यांचा पूर्वज ओटचा मोठा व्यापारी होता.

"दोघांतलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"आजोबा म्हणतात, व्यापारी असते तर अमेरिकेला कशाला गेले असते?"

मला एकदम आत्या आठवली. मी त्या मुलीला विचारलं, पुढच्या शनिवारी आजोबा एका म्हातारीशी बोलतील का? तिला तुमची बोली येते. तिच्याशी तसं बोलणारं आता इथे कुणी नाही.

शनिवारी मी आत्याच्या खोलीत खुर्ची ओढून बसले आणि फोनचा स्पीकर चालू केला. पलीकडून तोच आवाज आला, "हेबर्ले." आत्या दचकली. तिने माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मग तिनेही पाठ ताठ करून, शाळेत हजेरी द्यावी तसं म्हटलं, "हेबर्ले!"

पुढे काय झालं ते मी फक्त ऐकू शकले, समजू शकले नाही. आजोबा काहीतरी म्हणाले. आत्याने उत्तर दिलं. आधी अडखळत, मग हळूहळू भरभर. जिला इंग्रजीत एक वाक्य पुरं करता येईना ती बाई सलग बोलत होती, हात हलवत होती, मध्येच आजोबांना थांबवत होती. एकदा ती इतकी मोठ्याने हसली की नर्स दारात येऊन उभी राहिली. मी त्या खोलीत पूर्वी कधी तिचं हसू ऐकलं नव्हतं. तिच्या गालाचं ते हाड वर गेलं, आणि माझ्या नवऱ्याचंही हसताना असंच वर जायचं. मी फोन धरून बसले होते. वाटत होतं, हे संपू नये, कुणी काही विचारू नये, मला काही कळलं नाही तरी चालेल.

शेवटी आत्याने एक प्रश्न विचारला, अगदी हळू आवाजात. आजोबांनी लांबलचक उत्तर दिलं. आत्या डोळे मिटून मान डोलावत राहिली.

नंतर घरी येऊन मी नातीला फोन केला. "काय बोलत होते गं?"

"बटाटे!" ती हसायला लागली. "बटाट्याचं सॅलड कोमट खायचं की गार, यावर वाद चालला होता. ती बटाट्याला 'ग्रॉम्बिरा' म्हणाली. आमच्याकडे आता आजोबांच्या वयाचेच लोक तसं म्हणतात."

"आणि शेवटी काय विचारलं तिने?"

"चर्चपाशी चेरीची झाडं आहेत, ती यंदा फुलली का, असं विचारलं. तिच्या आजीने सांगितलं होतं म्हणे, सगळा रस्ता पांढरा होतो."

"मग?"

"तिथे झाडं नाहीत. आजोबा लहान असतानाच तोडली. आता तिथे गाड्या लावतात. पण आजोबा तिला म्हणाले, हो, फुललीत, यंदा फारच फुललीत, पाकळ्या घरात येतात आणि बायका वैतागतात. मी त्यांना नंतर विचारलं, खोटं का बोललात? ते म्हणाले, तिला कशाला सांगायचं."

आत्या जर्मनीला कधीही गेली नव्हती. तिची आजीही गेली नव्हती. आजीला तिच्या आईने सांगितलं असणार. ज्या बाईने ती झाडं खरोखर पाहिली, ती बोटीत बसली तेव्हा बहुतेक माझ्या मुलीएवढीच होती. तिथून ती झाडं तोंडातोंडी मिशिगनच्या मक्यात आली आणि तिकडे तुटल्यावरही इकडे दरवर्षी फुलत राहिली. मी त्या दिवशी जेवले नाही. नुसती बसून राहिले. मी मुलीला माझ्या गावाबद्दल जे जे सांगितलं आहे, त्यातलं आता तिथे काय उरलंय, कोण जाणे.

पुढच्या शनिवारी गेले तर नर्स म्हणाली, "आठवडाभर त्या सगळ्यांना कसल्यातरी चेरींबद्दल सांगतायत." नंतर आजोबा आणि आत्या आणखी काही वेळा बोलले. पानगळ सुरू झाली तेव्हा आत्या झोपेतच गेली.

तिला शेतांमधल्या त्या चर्चच्या आवारात, भावाशेजारी पुरलं. दगडावर नाव कोरायचं होतं तेव्हा मुलीने दगड घडवणाऱ्याला दोन टिंबं घालायला सांगितली. त्याने मला फोन करून विचारलं, "मॅडम, बाकीच्या दगडांवर टिंबं नाहीत. चूक तर नाही ना?" मी म्हटलं, "चूक बाकीच्या दगडांवर आहे." मुलीने नाव ठेवायचं ठरवलं. मला तिने ते असंच, भांडी पुसता पुसता सांगितलं. विहीणबाईंनी नागपूरला सगळ्या नातेवाइकांना कळवलं की सून जर्मनीच्या हेबर्ल्यांकडची आहे, आणि लग्नात प्रत्येक पाहुण्याला त्या मला भेटवताना असं सांगत की जणू माझे सासरे तिथले वतनदारच होते. लग्न छान झालं. जेवणाच्या पंगतीत एक खुर्ची रिकामी ठेवावी असं मला फार वाटत होतं, पण मी कुणाला बोलले नाही.

आत्या गेल्यावर आजोबांचे फोन थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले नाहीत. शनिवारी सकाळी घंटा वाजते, मी उचलते, आणि ते नेहमीसारखं आपलं नाव सांगतात. त्यांचं इंग्रजी थोडं आणि माझं जर्मन त्याहून थोडं. हवा कशी आहे हे एकमेकांना सांगतो. सफरचंदं किती आली हे ते सांगतात. कधी नात मध्ये बसून अर्थ सांगते. त्यांची बायकोही गेली आहे, हे त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितलं.

मागच्या फोनवर नात म्हणाली, "आजोबा विचारतायत, हेबर्ले हे तर तुमच्या नवऱ्याचं. तुमचं स्वतःचं काय?"

हा प्रश्न मला या देशात कुणी विचारला नव्हता. माझं माहेरचं आडनाव 'कर'ने संपतं. मी सांगितलं की आमच्याकडे गावाच्या नावापुढे 'कर' लावतात, म्हणजे अमुक गावचा माणूस.

"म्हणजे तुम्हांला तुमचं गाव नक्की माहीत आहे," आजोबांचं म्हणणं नातीने सांगितलं. "आमच्यासारखं ओटवाला की व्यापारी असं भांडण नाही."

"नाव माहीत आहे," मी म्हटलं. "गाव मी एकदाच बघितलंय, एसटीच्या खिडकीतून. वडिलांनी बोट दाखवलं होतं. देऊळ दिसलं, एक विहीर दिसली, आणि गाडी पुढे गेली. उतरलो नाही."

तिने ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ते आडनाव म्हणून दाखवा. मी म्हटलं. ते म्हणायचा प्रयत्न करायला लागले. मधल्या 'ळ'पाशी त्यांची जीभ अडखळली, तो त्यांच्याकडे नाहीच. मी पुन्हा म्हटलं, सावकाश. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, ल आणि र यांच्या मधलं काहीतरी आलं, आणि बाकीचं सगळं बरोबर आलं. लग्न झाल्यापासून या नावाने मला कुणी हाक मारलेली नव्हती.

"बरोबर आलं का?" नातीने विचारलं.

"त्यांना परत म्हणायला सांग," मी म्हटलं.

त्यांनी परत म्हटलं.